साहेबांची गाडी

"इंजिन कधी खोटं बोलत नाही. खोटं बोलतो तो माणूस!" गवत कापायच्या, बसून चालवायच्या गाडीवर थाप मारत मिस्त्रींनी मालकीणबाईंना ठणकावलं आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. सायलेन्सरमधून असा बार उडाला, की मिस्त्रींचा चाळीस वर्षांचा अनुभव पाना टाकून कुंडीमागे जाऊन बसला.

काही झालंच नाही अशा चेहऱ्याने बाहेर येऊन त्यांनी प्लग बघितला, कार्बोरेटर पुसला, दोनदा इंजिन चालू करून कान लावला.

"यंत्रात दोष नाही, वहिनी. साहेब भरधाव चालवतात आणि तशीच बंद करतात. त्यांना सांगा, आधी वेग कमी करायचा, अर्धं मिनिट गाडीला दम खाऊ द्यायचा, मग किल्ली. असं एकदम थांबायचं नसतं."

"महिना झाला त्यांना जाऊन," बाई गुडघाभर वाढलेल्या गवताकडे बघत म्हणाल्या.

मिस्त्री कोरड्या पान्यावरून फडकं फिरवत राहिले.



"सीट तेवढी पुढे घेऊन द्या, मिस्त्री. माझे पाय पोचत नाहीत."