उंबऱ्यावरचा प्रश्न

"गुडघा आता बरा आहे ना?" केतकीने पुन्हा विचारलं. हुक्केरी काका नुसते हसले. बायको गेल्यापासून मिरजेच्या त्या घरात ते एकटेच राहत होते.

समाजकार्याच्या पदवीसाठी केतकीची ही पहिलीच गृहभेट. "मरणाचा विचार येतो का, हे स्पष्ट विचारायचं. विचारल्याने तो कुणाच्या डोक्यात शिरत नाही," असं कॉलेजातल्या मॅडमनी बजावलं होतं. पण वडिलांच्या वयाच्या माणसाला हे विचारायचं कसं? जेवणखाण, औषधं, सगळं विचारून झालं आणि ती निघाली. चपला घालताना मात्र ती थांबली. ती वळली.

"काका, जीव नकोसा होतो का? स्वतःचं काही बरंवाईट करावंसं वाटतं?"



"वाटतं," ते म्हणाले. "रोज वाटतं. कुणी विचारलं नाही गं."

चपला काढून ती परत आत आली. "मग मी इतक्यात जात नाही. मॅडमना इथूनच फोन करते, चालेल?"

काकांनी डोळे पुसत मान डोलावली. मग ते चहा टाकायला उठले, तेव्हा तीही त्यांच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेली.