दोन सेकंदांचा थांबा

गेलेल्या माणसांची मनं जपणाऱ्या केंद्रात अनुराधा टिपणीस बॅकअपची नवी पद्धत बसवत होती. आधी चालू मनाचीच प्रत घेत, त्यामुळे परत उभं केलेलं मन अर्ध्या वाक्यावर अडकून पडे. आता प्रत्येक मनाला आधी सूचना जाणार होती : हातातला विचार पुरा करा, 'तयार' कळवा आणि थांबा. मग प्रत घ्यायची आणि मन पुन्हा सुरू करायचं.

दुपारच्या पहिल्या चाचणीत चारशे मनं दोन सेकंद थांबली. त्यांत अनुराधाची आईही होती. अनुराधाने लगेच तिला फोन लावला.

"आई, त्रास नाही ना झाला?"

"त्रास कसला गं? पण किती दिवस ठेवलंस तिथे!"

"दोनच सेकंद होते."

"तुझ्याकडे असतील. आमच्या तर सगळ्यांच्या ओळखी झाल्या."

अनुराधाने पडद्यावर जोडण्या तपासल्या. मनं एकमेकांशी जोडलेलीच नव्हती.

"पुढची चाचणी कधी?" आईने विचारलं.

"चार वाजता. आपोआप होईल."

"मग काय बोलायचं ते आत्ताच बोलून घे, बाळा."

अनुराधाने घड्याळ पाहिलं, चार वाजतच होते. ती चाचणी रद्द करायला धावली, पण सूचना गेली होती. चारशे मनांनी एकाच क्षणी 'तयार' कळवलं. सुरू होण्याची आज्ञा तिने सात वेळा पाठवली, पण एकही मन उठलं नाही. शेवटी तिने दुपारच्या प्रतीतून आईला पुन्हा उभं केलं. तीही उठली नाही.

तेवढ्यात केंद्राचा फोन वाजला. कुणी बाई विचारत होत्या, "आमचे बाबा फोन का उचलत नाहीत हो?"