बुजगावण्याचा कोट

कुंपणापलीकडे तोफेचा बार उडाला आणि आप्पा दचकले.

“पाखरं हाकलायची तोफ आहे,” मी म्हटलं. मला भेटायला कॅनडात आलेल्या वडिलांना मी आमची खाण दाखवत होते. “जमिनीतली तेलाने माखलेली वाळू खणून, ती धुऊन तेल काढतो. उरलेलं घाण पाणी या तळ्यात सोडतो.”

“तळं म्हणू नकोस!” आप्पा खेकसले. जन्मभर कालव्याचं पाणी सोडणारे पाटकरी होते ते. “तळ्यावर पाखरू उतरतं. इथे उतरलं तर?”

“मरतं. म्हणून तर तोफ आणि तराफ्यावर ते बुजगावणं. कंपनी काळजी घेते, आप्पा!” माझाही आवाज चढला.

“पाणी झिरपतंच. मग खालच्या नदीकाठच्या माणसांसाठी कुठली तोफ?”

“त्यांना दरवर्षी अहवाल पाठवतो.”

आप्पांनी बुजगावण्याकडे पाहिलं. कंपनीचा केशरी कोट, पिवळं हेल्मेट. मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या अंगावर तोच कोट होता, डोक्यावर तेच हेल्मेट.

“आम्ही पाखरांपासून पीक वाचवायला बुजगावणं उभं करतो,” ते म्हणाले. “तुम्ही तुमच्यापासून पाखरं वाचवायला उभं केलंत. कोट मात्र बरोब्बर घातलात त्याला.”