रंगूबाईच्या फळ्या

"ठेवून तर बघा, बाई. नाही खपला तर नाव बदलीन," असं म्हणत पावडरवाल्यानं पेटी थेट गल्ल्याशेजारी टेकवली.

"उचला ती," रंगूबाई म्हणाली. "गिऱ्हाईकाचा हात येतो तिथं."

कृष्णात बाकड्यावर आपली पाळी येण्याची वाट बघत बसला होता. काड्यापेट्या आणि मेणबत्त्या विकता विकता त्याचे केस पिकले होते. घणसोली गावाची विक्रीची लाइन त्याला नुकतीच मिळाली होती. गावठाणातलं रंगूबाईचं दुकान भल्याभल्या सेल्समनना पाणी पाजतं, हे त्यानं ऐकलं होतं. आज ते डोळ्यांनी बघायला मिळत होतं.

दाराच्या चौकटीला तराजूचा लोखंडी आकडा लोंबत असे. नवा माणूस आत शिरला की तो कपाळावर बसायचाच. कृष्णातला आजही बसला होता. हा टाय लावलेला पावडरवाला पोरगा मात्र बोलता बोलता मान वाकवून आत आला होता. पोरगं चलाख आहे, कृष्णातला वाटलं.

बाहेर एसटीडी बूथसमोर कंपनीची जीप उभी होती. पोराचे साहेब खाली उतरून दाराशी उभे होते. आत येत नव्हते, पण कान आतच होता.

"बारा पुड्यांवर एक बादली फुकट," पोरगा म्हणाला. "टीव्हीवर रोज जाहिरात लागते, बाई."

"बादलीत काय भरू? तुमचा न खपलेला साबू?"

कृष्णातला हसू फुटलं. रंगूबाई कुणालाच नावानं हाक मारत नसे. हा पावडरवाले, तो बिस्कीटवाले, कृष्णात काडीवाले. दुकानात माणूस नाही, माल बोलतो, असं तिचं म्हणणं.

"माजा एकच कायदा हाय," ती म्हणाली. "गिऱ्हाईकानं मागितलं, तर माल घेईन."

"मागतात की! काल नाही का एक बाई येऊन मागून गेल्या?"

रंगूबाईनं हातातलं फडकं खाली ठेवलं. "तुमाला कसं कललं? काल तुमी दुकानात नव्हता."

पोरगा पेटीवरची चिकटपट्टी नखानं खरवडू लागला.

"गावात कोनी नाव घेऊन मागत नाय, पावडरवाले. निला पुडा दे, मोराचा साबू दे, असं मागतात. ती बाई दारात ताठ उभी राहिली नि बोलली, 'शुभ्रकांती डिटर्जंट पावडर, अर्धा किलो.' शालेत पोरं कविता म्हनतात तशी. पाठवलीत तर नीट शिकवून तरी पाठवायची!"

कृष्णातनं मनातल्या मनात हात जोडले. तरुणपणी त्यानंही अशी खोटी गिऱ्हाइकं दुकानादुकानांत पाठवली होती. पकडला कधीच गेला नव्हता.

आता साहेब दारातून बोलले. "बाई, गावातलं मोठं दुकान तुमचं. हे फुटलं नाही, इथं माल लागला नाही, तर याला कायम करता येणार नाही मला. आज महिनाअखेर आहे. उद्यापासून याला सुट्टी."

पोराचा चेहरा उतरला. घशाशी हात नेऊन त्यानं टाय उगाचच नीट केला.

"बाई, एकच पेटी घ्या," तो हळू आवाजात म्हणाला. "घरी आई आहे माझी. तिला काय तोंड दाखवू?"

रंगूबाईनं फडकं उचललं आणि गल्ला पुसायला लागली. पुसलेलीच जागा ती पुनःपुन्हा पुसत राहिली.

"आई हाय ना घरी? मंग उपाशी नाय राहनार तुमी."

कृष्णातला राहवलं नाही. "घ्या की ओ बाई. लेकरू हाय. एका पेटीनं काय बुडतंय?"

रंगूबाई त्याच्याकडे वळली. "काडीवाले, माजं भाताचं शेत व्हतं. तिथं आता शहराचा रस्ता हाय. शेतात काय लावायचं ते आमी ठरवायचो. आता ह्या फल्या म्हंजे माजं शेत. आमचे मालक वारले, तेव्हा ह्या बाकावर बसनाऱ्या प्रत्येकाला घरी आई व्हती. मी त्या सगल्या आयांसाठी माल भरला. अर्धा उंदरांनी खाल्ला, अर्धा पावसानं. कुलूप लावायची पाली आली व्हती. तेव्हापासून कायदा केला. तो एकासाठी मोडला, तर मंग कायदा कसला?"

कृष्णातनं फळ्यांवरून नजर फिरवली. इतक्या वर्षांत इतक्या गल्ल्यांवर कोपर टेकलं, पण असं दुकानदार माणूस त्याला भेटलं नव्हतं.

पोरानं पेटी उचलली, मान वाकवली आणि तो बाहेर पडला. जीपपाशी दोघांचं थोडं बोलणं झालं. मग पेटी आत गेली आणि जीप धूळ उडवत निघाली.

शेजारची एक बाई साखर न्यायला आली होती. रंगूबाई तागडीत साखर ओतू लागली. पारडं खाली टेकलं, तरी ती ओततच राहिली.

"बाई, काटा," कृष्णात म्हणाला.

ती दचकली. जास्तीची साखर तिनं मापानं परत काढली. दिवसभर असल्यांशी हुज्जत घालायची म्हणजे माणूस थकणारच, कृष्णात मनाशी म्हणाला. नवीन अगरबत्तीचा नमुना त्यानं पिशवीतून बाहेर काढला होता, तो मुकाट्यानं आत सारला.

"काड्या कुणी मागितल्या का?"

"मागितल्या. बगल्याच्या छापाच्या."

"मग तेवढ्याच देतो."

"द्या," रंगूबाई म्हणाली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा किंचित हसली.

तेवढ्यात दारात सावली पडली. पावडरवाला पोरगा परत आला होता. टाय खिशातून लोंबत होता. आकड्याखालून तो न बघता वाकला, गल्ल्याची फळी वर उचलली आणि सरळ आत शिरला.

"ए पोरा, तिकडं कुठं?" कृष्णात बाकड्यावरून ताडकन उठला.

पोरानं बूट काढले, भिंतीशी सरकवले आणि माठावरचा तांब्या उचलला.

"आये, नोकरी गेली," तो म्हणाला. "वाढ जेवाला."