मागचं फाटक

कोर्टात वकिलानं मला विचारलं, “लॉजच्या मागच्या फाटकाला कुलूप होतं?” “व्हय.” “मग लावलं का नाही?” “दुष्काळ हाय साहेब. पाण्याचा टँकर कवा येईल, नेम न्हाई. फाटक बंद दिसलं की ड्रायव्हर निघून जातो.” “म्हणजे कुणीही शिरेल, हे ठाऊक होतं!” त्याच फाटकातून शिरलेला चोर हौदावर पाणी भरणाऱ्या पंचशीलाबाईंचं कानातलं ओरबाडून पळाला होता. कानाची पाळी फाटली. माझ्यावर दावा त्यांनीच लावलाय, पण लातूर नुकताच जिल्हा झालेला, बदलून आलेल्यांच्या गर्दीत भाड्यानं खोली मिळेना. कलेक्टर कचेरीतल्या या बाई अजून माझ्याच लॉजवर. कोर्टातून परतलो आणि फाटकाला कुलूप ठोकलं. सकाळी टँकरचा हॉर्न वाजला. उतारू बादल्या आपटू लागले. मुठीतली किल्ली घामानं भिजली. मागून बाई म्हणाल्या, “उघडा मालक. फक्त इथं उभे राहा. त्या दिवशीबी तेवढंच करायचं होतं.”