नजरेची चकरी

मुरलीधररावांनी केलेली लग्नांची शूटिंगं अंधुक येतात अशा तक्रारी वाढल्या, तेव्हा त्यांनी सगळा दोष जुन्या कॅमेऱ्यावर टाकला आणि जबलपूरच्या सदर बाजारातल्या आपल्या स्टुडिओत नवाकोरा एचडी कॅमेरा आणला. मुलाने, आलोकने, खोका उघडून तो आधी त्यांच्याच हातात दिला.

मुरलीधररावांनी तो कपाळाला लावला, मग डोळ्याला. डोळ्याजवळची छोटी चकरी ते फिरवत राहिले. आपल्या नजरेच्या नंबराप्रमाणे ती आधी जुळवून घ्यायची, हे आलोकला त्यांनीच शिकवलं होतं. चकरी फिरत फिरत शेवटाला जाऊन अडली.

“कसं दिसून राहिलं, बाबा?”

“एकदम साफ. तो जुना काढून टाक आता. म्हातारा झाला.”

आलोकने नवा कॅमेरा आपल्या डोळ्याला लावला. नुसतं धुकं. त्याने फळीवरचा जुना कॅमेरा उतरवला. त्याचीही चकरी तशीच, शेवटाला अडलेली. ती त्याने आपल्या नजरेपुरती मागे आणली आणि समोरच्या भिंतीकडे पाहिलं. आईच्या फोटोतल्या नथीचा मोती न् मोती वेगळा दिसत होता.

“बाबा,” तो हळू आवाजात म्हणाला, “ह्याला तर काहीच झालं नाही.”

मुरलीधरराव नव्या कॅमेऱ्यावरची नसलेली धूळ पुसत होते.

“माहीत आहे रे,” ते म्हणाले. “वाटलं, नव्यातून तरी दिसेल.”