नावानिशी

“अगं पोरी, नावं दिसतायत!” बाबांच्या कॅम्पातल्या राकेशकाकांचा आवाज असा फाटला की श्वेताने मोबाईल कानापासून लांब धरला. “कोणी ‘नाही’ दाबलंय ते अख्ख्या ग्रुपला नावानिशी दिसतंय!”

आत्ता आत्तापर्यंत ती हवेत होती. मस्कतच्या मराठी मंडळाचा अध्यक्ष आजवर बिनविरोध व्हायचा. यंदा पहिल्यांदाच निवडणूक लागली होती. युवा शाखेने ठरवलं, उमेदवार भाषणात जे जे छातीठोक सांगतील ते ते तपासायचं आणि मतदानाआधी जाहीर करायचं: खरं, खोटं की अर्धवट. श्वेताच्या वाट्याला जनार्दनकाका आले. मस्कतपासून लांब, दुक्मच्या रिफायनरीवर, बाबांच्याच कंपनीत कॅम्प मॅनेजर; बाबाही त्याच कॅम्पात राहायचे. मस्कतच्या कुरुम भागातल्या सभेत ते म्हणाले होते, “माझ्या कॅम्पात एकाही मराठी माणसाचा पासपोर्ट कंपनीच्या कपाटात नाही. ज्याचा त्याच्या हातात! हवं तर विचारून बघा.”

तिने विचारलं. दुक्मच्या मराठी ग्रुपवर सरळ पोल टाकला: ‘तुमचा पासपोर्ट तुमच्याकडे आहे का?’ शाळेत हेडगर्लचं मतदान कॉम्प्युटरवर होतं, कुणी कुणाला मत दिलं ते कुणाला कळत नाही. इथेही तसंच असणार, असं तिने धरलं. टपाटप ‘नाही’ पडत गेले तशी ती सोफ्यावर उड्या मारत ओरडली होती, “आई, पकडलं! काकांना रंगेहाथ पकडलं!”

आता तिने पोलवर बोट टेकवलं. ‘नाही’खाली ओळीने नावं, फोटोंसकट. राकेश. नुमान. हुसेन. धम्मदीप. आणि सगळ्यांच्या आधी, लेकीचा पोल दिसल्या दिसल्या, शिफ्टला आत जाता जाता दाबलेलं पहिलं मत: देवानंद. बाबा.

“मी डिलीट करते, काका. आत्ताच्या आत्ता.”

“खुळी का काय तू? जनार्दनसाहेबांनी बघितलंय. स्क्रीनशॉटसुद्धा मारला असेल. डिलीट केलंस तर आम्ही कायमचे ‘नाही’तच अडकू. राहू दे तो पोल. आम्हाला मत बदलू दे.”

तेवढ्यात ग्रुपवर जनार्दनकाकांचा मेसेज आला. पुढे हात जोडलेले. “शाब्बास श्वेता बेटा! छान उपक्रम. चालू दे. रिन्यूअलच्या दिवसांत कोण काय म्हणतंय ते कळलेलं बरंच असतं.”

आणि ‘नाही’ची हिरवी पट्टी आखडायला लागली.

नुमानने लिहिलं, “सॉरी हां, बोट चुकून लागला.” हुसेनने लिहिलं, “माझा तर उशाखालीच हाय. खलास.” धम्मदीपने नुसतं मत हलवलं. राकेशकाकांनीही. बघता बघता ‘आहे’ची पट्टी स्क्रीनभर झाली.

आई पोळी लाटता लाटता उठून आली होती. पिठाचे हात तसेच. “ह्यांचं?”

“बाबांचं तसंच आहे.”

“लाव फोन.”

“लावतेय गं मघापासून. नुसती रिंग जातेय.”

“जाणारच. गेटवर मोबाईल जमा केल्याशिवाय रिफायनरीत सोडतात का कुणाला? शिफ्ट सुटली की मगच मिळेल.” ती मटकन खुर्चीत बसली. “लोकांच्या पोरी रील करतात. माझी पोरगी पुरावे गोळा करते.”

“आई, मला काय माहीत—”

“माहीत करून घ्यायचं नाही का आधी? ह्यांच्या कंत्राटाच्या रिन्यूअलवर पहिली सही त्या माणसाची असते. तुझी शाळा, माझा व्हिसा, हे घर, सगळं त्या एका सहीला लटकलंय.”

श्वेताने पुन्हा बाबांना फोन लावला. पुन्हा नुसती रिंग.

ग्रुपवर पुन्हा जनार्दनकाका. “एकच ‘नाही’ राहिलं वाटतं. असू दे, असू दे. शिफ्टवर असतील.”

नाव घेतलं नव्हतं. आईने ते वाचलं आणि मोबाईल टेबलावर उलटा ठेवला. श्वेताने तो पुन्हा सुलटा केला. दोघी त्याच्याकडे, चुलीवरच्या दुधाकडे बघावं तशा बघत बसल्या. खिडकीबाहेरचे उघडे डोंगर काळे पडत गेले. मगरिबची अजान झाली, आणि फोन थरथरला.

“आत्ता हातात आला मोबाईल. एवढे मिस्ड कॉल! घरी ठीक आहे ना सगळं?”

“बाबा, तुमचं मत बदला. आधी बदला, मग बोला.” एका श्वासात तिने सगळं सांगून टाकलं.

पलीकडे कुणीतरी यल्ला यल्ला करत माणसांना बसकडे हाकत होतं.

“सगळ्यांनी बदललं?” बाबांनी विचारलं.

“सगळ्यांनी.”

“राकेशनेपण?”

“हो.”

 बाबा म्हणाले, “मला एक सांग. एकट्याच्या ‘नाही’ने तुमच्या त्या तपासणीत काही फरक पडतो का?”

जनार्दनकाका ‘एकाही मराठी माणसाचा नाही’ म्हणाले होते. त्यांचं अख्खं भाषण खोटं पाडायला एक माणूस बस होता, हे श्वेताला पोल टाकायच्या आधीपासून ठाऊक होतं. आईची नजर तिच्या तोंडावर खिळली होती.

“नाही, बाबा,” तिने ठासून सांगितलं. “एकट्याने काहीच सिद्ध होत नाही. काहीच उपयोग नाही त्याचा.”

“मग राहू दे की,” बाबा हलकेच हसले. “जनार्दनकाकांना त्याचा त्रासच नसेल, तर उगीच खोटं कशाला दाबू? चल, बस सुटतेय.”

फोन कट झाला. ग्रुपच्या नावाखाली, बारीक हिरव्या अक्षरांत उमटलं होतं: जनार्दन टाइप करत आहेत…